गाडी ठरली, आवृत्ती कोणती?

घरात पहिली चारचाकी घ्यायचे ठरले की चर्चेचा सारा रोख कंपनीकडे असतो. मारुतीची घ्यावी की ह्युंदाईची, टाटांची घ्यावी की रेनोची, यावर आजोबांपासून महाविद्यालयात जाणाऱ्या नातवापर्यंत प्रत्येकाचे मत असते आणि ते ठामही असते. हा प्रश्न महिना-दोन महिन्यांत कसाबसा मिटतो. मग कुटुंब शोरूममध्ये जाते आणि विक्रेता समोर दरपत्रक ठेवतो. त्या एका पानावर एकाच गाडीच्या पाच-सात किमती छापलेल्या असतात. सर्वांत खालची आणि सर्वांत वरची यांत दीड-दोन लाखांचे, कधी त्याहूनही अधिक अंतर असते. या पानाची तयारी कोणीच करून आलेले नसते. ज्या निर्णयाबरोबर पुढची दहा-बारा वर्षे काढायची, तो समोरचा चहा निवण्यापूर्वी उरकला जातो. आणि तोही बहुधा विक्रेत्याच्या सोयीने.

या किमतींपुढे इंग्रजी अक्षरांची एक परिभाषा असते. मारुतीच्या गाड्यांत एलएक्सआय ही खालची पायरी, व्हीएक्सआय मधली, झेडएक्सआय वरची आणि झेडएक्सआय प्लस सर्वांत वरची. टाटांच्या टियागोमध्ये एक्सई, एक्सएम, एक्सटी, एक्सझेड असा चढता क्रम आहे. ह्युंदाईच्या ग्रँड आय-टेन निऑसमध्ये एरा, मॅग्ना, स्पोर्ट्झ आणि अ‍ॅस्टा. बोलताना आपण यांना सरळ बेस, मिडल आणि टॉप म्हणतो. सांगाडा तोच, पत्रा तोच, इंजिनही बहुतेक वेळा तेच. फरक असतो तो त्या सांगाड्यात काय काय बसवून दिले आहे याचा. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द मात्र लक्षात ठेवावेत. त्यांचा खुलासा पुढे येईलच.

भारतीय ग्राहकाला या पायऱ्या नव्या नाहीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा मध्यमवर्गाच्या दृष्टीने गाडी असणे हीच चैन होती आणि वातानुकूलित गाडी असणे ही चैनीवरची चैन. पुढे २००० साली अल्टो आली. एलएक्स म्हणजे एसी आणि एलएक्सआय म्हणजे एसीबरोबर पॉवर स्टिअरिंग, असा सोपा हिशेब लोकांच्या तोंडी बसला. त्या काळातील अनेक स्वस्त गाड्यांच्या बेस आवृत्तीत डाव्या बाजूचा बाहेरचा आरसासुद्धा नसे. तो नंतर बाजारातून आणून बसवला जाई आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

या संदर्भात नॅनोची कथा फार बोलकी आहे. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ‘एक लाखाची गाडी’ म्हणून तिचे अनावरण झाले आणि साऱ्या जगाचे लक्ष तिच्या त्या एका आकड्याने वेधून घेतले. २००९ साली नोंदणी सुरू झाली तेव्हा तिच्या तीन आवृत्त्या होत्या: एसी नसलेली मूळ गाडी, एसी असलेली सीएक्स आणि समोरच्या पॉवर विंडो व सेंट्रल लॉकसारख्या सोयी असलेली एलएक्स. दोन लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या. त्यांतील सुमारे निम्म्या सर्वांत वरच्या एलएक्ससाठी होत्या. ज्या मूळ गाडीचा एवढा गाजावाजा झाला, तिच्या वाट्याला पाचवा हिस्सा आला. स्वस्त गाडी घेणाऱ्या माणसाला स्वस्त दिसणारी गाडी नको असते, हे त्या आकड्यांनी सांगितले. कंपन्यांनी हा धडा नीट गिरवला. आज जाहिरातीत जी किंमत मोठ्या टाइपात झळकते ती बेस आवृत्तीची असते, आणि शोरूमच्या काचेआड उभी असते ती टॉप.

एकच गाडी, शून्य आणि चार

खालच्या-वरच्या पायरीचा प्रश्न केवळ सोयींचा असता, तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. पाचही गाड्या सर्वांत खालच्या, एअरबॅग नसलेल्या आवृत्तीतल्या होत्या. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले.

त्यातील पोलोची हकीकत स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. तिचा सांगाडा त्या धडकेत टिकून राहिला होता. दोन एअरबॅग असलेल्या पोलोची चाचणी झाली तेव्हा तिला चार तारे मिळाले. नाव तेच, पत्रा तोच, कारखाना तोच. आणि दरपत्रकावरील एका ओळीच्या अंतराने शून्याचे चार झाले. कंपनीने त्यानंतर एअरबॅग नसलेली पोलो भारतातून मागे घेतली. अल्टो, नॅनो आणि आय-टेन यांच्याबाबतचा निष्कर्ष मात्र वेगळा होता. त्यांचा सांगाडाच पुरेसा भक्कम ठरला नाही, त्यामुळे एअरबॅग बसवून फार काही साधले नसते, असे संस्थेने म्हटले. वरची आवृत्ती घेतल्याने कमकुवत गाडी भक्कम होत नाही, हा त्याचा अर्थ. आवृत्तीचा विचार करण्यापूर्वी गाडीचा सांगाडा पाहावा लागतो.

त्यानंतरच्या दशकात कायद्याने बरेच अंतर कापले. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, पुढच्या दोन्ही आसनांसाठी सीटबेल्टची आठवण देणारा गजर, वेगमर्यादेची सूचना आणि मागे घेताना अडथळा दाखवणारे सेन्सर आले. चालकाशेजारच्या आसनासाठीची एअरबॅग २०२१ च्या अखेरीपर्यंत सर्व गाड्यांत अनिवार्य झाली. तोवर चालकाला एअरबॅग आणि शेजारी बसलेल्या पत्नीला किंवा आईला ती नाही, अशी आवृत्ती कायदेशीरपणे विकली जात होती. सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, मुदत पुढे ढकलली गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तशी सक्ती करणार नसल्याचे सांगितले. कायदा थांबला, बाजार थांबला नाही. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्व गाड्यांच्या सर्व आवृत्त्यांत सहा एअरबॅग देण्याचे जाहीर केले. २०२५ मध्ये मारुतीने अल्टो के-टेन, सेलेरिओ आणि वॅगन-आर यांच्या खालच्या आवृत्तीतही त्या दिल्या.

त्यामुळे दहा वर्षांपूर्वी बेस आवृत्ती नाकारण्याचे जे सर्वांत मोठे कारण होते, ते अनेक गाड्यांपुरते उरलेले नाही. तरीही हे गृहीत धरून चालू नये. प्रत्येक कंपनीचे धोरण सारखे नसते. एअरबॅग किती, गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा आहे का, मागच्या बाकावर मधल्या प्रवाशाला खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा आहे की केवळ कमरेचा, हे प्रश्न ज्या आवृत्तीचे पैसे भरायचे तिच्याच बाबतीत विचारावेत. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची देशी तारांकन पद्धत सुरू झाली आहे. तिचे तारे कोणत्या आवृत्त्यांना लागू आहेत, हेही पाहून घ्यावे.

पन्नास हजारांची पायरी

आता पैशाकडे. दरपत्रकावर एका पायरीचे अंतर समजा ५० हजार रुपयांचे आहे. विक्रेता ते महिन्याच्या हप्त्यात सांगतो, कारण हप्त्यात सांगितलेली रक्कम लहान वाटते. हिशेब पूर्ण करायचा तर तो असा होतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर घेतलेल्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के वाहनकर आहे. म्हणजे पायरीवर आणखी ५,५०० रुपये. विम्यातील स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग गाडीच्या किमतीवर ठरतो, तोही थोडा चढतो. तो बाजूला ठेवला तरी ५५,५०० झाले. ही रक्कम नऊ टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जात घातली तर हप्ता सुमारे ८९३ रुपयांनी वाढतो आणि सात वर्षांत ७५ हजार रुपये जातात. पाच वर्षांत फेडल्यास ते ६९ हजारांच्या आसपास. दरपत्रकावरील ५० हजारांची पायरी प्रत्यक्षात ७० ते ७५ हजारांना पडते, हे लक्षात घेऊनच ती चढावी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील करात झालेल्या कपातीने या प्रश्नाला नवेच वळण दिले. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. तो सरसकट १८ टक्के झाला. करापूर्वी पाच लाख किंमत असलेली गाडी पूर्वी ६ लाख ४५ हजारांना पडत असेल, तर ती ५ लाख ९० हजारांवर आली. वाचलेले ५५ हजार म्हणजे जवळजवळ बरोबर एक पायरी! साहजिकच ‘त्याच बजेटमध्ये वरची आवृत्ती’ हे वाक्य शोरूममध्ये सुरू झाले. वाक्य खोटे नाही. पण करातून वाचलेली रक्कम त्याच टेबलावर खर्च केली पाहिजे असा काही दंडक नाही. मुलीच्या शिक्षणाची फी आणि गाडीचा वाढीव हप्ता एकाच पगारातून जाणार असतात.

वरच्या आवृत्तीचे पैसे परत येतात का, हाही प्रश्न विचारला जातो. जुन्या गाड्यांच्या बाजारात नव्या गाडीच्या वेळचा हा फरक वर्षागणिक आटत जातो. विम्याच्या हिशेबातही गाडीचे मूल्य पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. सात-आठ वर्षांच्या गाडीकडे ग्राहक पाहतो तो इंजिनाची स्थिती, किलोमीटर, अपघाताचा इतिहास आणि टायर. मधल्या आवृत्तीची गाडी लवकर खपते, बेसला गिऱ्हाईक घासाघीस करते, आणि टॉपला वरचे पैसे द्यायला कोणी फारसा राजी नसतो. विकताना परत येईल या आशेवर वरची पायरी चढणे त्यामुळे शहाणपणाचे ठरत नाही. ती चढायची तर स्वतःच्या उपयोगासाठी.

काय मागून येते, काय येत नाही

दरपत्रकावरील सुविधांच्या यादीकडे दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन पाहावे. जे पुढे कधीही बाजारातून बसवता येते ते एका रंगात. जे कारखान्यातूनच यावे लागते ते दुसऱ्यात. म्युझिक सिस्टीम, स्पीकर, चाकांवरची झाकणे, पायपुसणी, मागचा कॅमेरा, दरवाजाच्या कडेच्या पट्ट्या ही सारी पहिल्या रंगातली. एअरबॅग, ईएसपी, उंची कमी-जास्त होणारे चालकाचे आसन, वरखाली होणारे स्टिअरिंग, मागच्या आसनांचे डोके टेकण्याचे आधार, मागच्या काचेवरचे वायपर आणि धुके घालवणाऱ्या तारा ही दुसऱ्या रंगातली. यांतील काही नंतर बसवून देतो म्हणणारे मिस्त्री भेटतात. त्यांचे ऐकू नये.

दुसऱ्या रंगातील दोन गोष्टींना त्यांच्या योग्यतेइतके महत्त्व मिळत नाही. पहिली म्हणजे उंची बदलता येणारे आसन. आपल्याकडे गाडी बहुधा घरातील पुरुष निवडतो आणि स्वतःच्या बेताने चालवून पाहतो. घरातील सून किंवा मुलगी उंचीने कमी असेल, तर खालच्या आसनावरून तिला बॉनेटचे टोक दिसत नाही. मग ती उशी ठेवून गाडी चालवते, आणि उशीमुळे सीटबेल्ट नीट बसत नाही. अनेक गाड्यांत ही सोय मधल्या किंवा वरच्या आवृत्तीपासून सुरू होते. घरात दोन माणसे गाडी चालवणार असतील तर टचस्क्रीनपेक्षा ही सोय कितीतरी मोलाची आहे. शिवाय गाडी पाहायला जाताना त्या दुसऱ्या व्यक्तीला बरोबर न्यावे, एवढे तर सहज करता येते.

दुसरी म्हणजे मागचे वायपर. लहान गाडीची पाठ सपाट कापलेली असते. चालताना त्या पाठीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि रस्त्यावरचे चिखलपाणी खेचून थेट काचेवर आणतो. मोठ्या सेदान गाडीची मागची काच उतरती आणि डिकीच्या पुढे असल्याने तिला हा त्रास कमी. सोलापूरकडच्या कोरड्या मुलखात याचे काही वाटणार नाही. पण आंबा घाट किंवा आंबोली पावसाळ्यात नेहमी ओलांडणाऱ्याला मागचे काही दिसेनासे होते, तेव्हा ही वगळलेली सोय आठवते.

उलट अलॉय चाकांचा मोह आवरता येईल. दिसायला ती देखणी खरी. पण खड्ड्यात आपटून लोखंडी रिम वाकली तर गावातला कारागीरही ती ठोकून सरळ करतो. अलॉयला तडा गेला तर नवे चाक घ्यावे लागते. वरच्या आवृत्तीत चाकाचा आकारही अनेकदा एका इंचाने वाढतो आणि त्याबरोबर टायरचा खर्च. ग्रामीण रस्त्यांवर रोजची धाव असलेल्या व्यापाऱ्याने याचा विचार करावा.

‘बेस घेऊ आणि बाकीचे बाहेर बसवून घेऊ’ हा जुना शिरस्ता आजही ऐकू येतो. मारुती ८०० च्या काळी तो बरोबर होता. आजच्या गाडीतील वायरिंग मात्र नाजूक असते. सेंट्रल लॉक, पॉवर विंडो किंवा जादा दिवे बसवताना वायर कापून जोड दिला, तर त्या भागाची वॉरंटी कंपनी नाकारू शकते. कंपनीच्या मूळ जोडणीतच खटकन बसणारे, वायर न कापता लागणारे सामान घेतले तर तो धोका कमी. पण मग त्याची किंमत वाढते आणि तीन-चार वस्तूंची बेरीज अनेकदा वरच्या पायरीच्या जवळ जाते. बेरीज कागदावर करून मगच ठरवावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. सहा एअरबॅगच्या गाडीत बाजूच्या एअरबॅग सहसा पुढच्या आसनांच्या कडेत शिवलेल्या असतात. नवी गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात जाड रेक्झिनची कव्हरे चढवण्याची आपली रीत आहे. चारही बाजूंनी घट्ट शिवलेले कव्हर त्या एअरबॅगची वाट अडवू शकते. ज्या सुरक्षिततेसाठी इतके पैसे मोजले, ती हजार-दोन हजारांच्या कव्हरने निकामी करू नये. एअरबॅगसाठी कडेला मोकळी जागा ठेवलेली कव्हरेच मागावीत. गाडीपुढे लावायच्या लोखंडी गार्डवर तर २०१७ च्या डिसेंबरातच केंद्र सरकारने बंदी घातली आहे.

नावाखाली दडलेले इंजिन

आता त्या ‘बहुतेक वेळा’कडे. काही गाड्यांत वरच्या पायरीबरोबर इंजिनही बदलते आणि ते दरपत्रकाच्या घाईत लक्षात येत नाही. वॅगन-आर हे त्याचे चांगले उदाहरण. २०२२ च्या बदलानंतर तिच्या एलएक्सआय आणि व्हीएक्सआयला ९९८ सीसीचे, ६७ अश्वशक्तीचे तीन सिलिंडरचे इंजिन मिळते, तर झेडएक्सआयला ११९७ सीसीचे, ९० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे. सांगलीहून कुंभोजच्या बाहुबलीला सपाट रस्त्याने जायचे असेल तर लहान इंजिनात काहीही कमी नाही. तीच पाच माणसे, सामान आणि एसी घेऊन मांगी-तुंगीकडे किंवा घाटमाथ्यावरून कोकणात जायचे असेल, तर फरक पहिल्याच चढावर कळतो. येथे झेडएक्सआयचे वाढीव पैसे दिव्यांसाठी किंवा आरशांसाठी जात नाहीत. ते इंजिनासाठी जातात आणि मोठ्या कुटुंबाला ते परवडले तर वसूल होतात.

इंजिन बदलले की विमाही बदलतो. तृतीय पक्ष विम्याचा दर इंजिनाच्या आकारावर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये. नव्या गाडीला हा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्याचे आकडे ६,५२१ आणि १०,६४०. कर वेगळा. रक्कम फार मोठी नाही, पण दरवर्षीची आहे.

सीएनजीचेही असेच. वॅगन-आरमध्ये सीएनजी एलएक्सआय आणि व्हीएक्सआयलाच मिळतो. रोज पन्नास-साठ किलोमीटर धावणाऱ्याला तो नक्कीच किफायतशीर. आठवड्यातून एकदा गाडी काढणाऱ्याचे वाढीव पैसे भरून यायला वर्षे लागतात. शिवाय ६० लिटरचे नळकांडे डिकी व्यापून टाकते. टाटांनी २०२३ मध्ये ३० लिटरची दोन नळकांडी डिकीच्या तळाशी आडवी बसवून त्यावर तोड काढली. गिअर आपोआप बदलणारी एएमटी भारतात प्रथम २०१४ साली सेलेरिओने आणली. गुडघ्यांचा त्रास असलेल्या किंवा पुण्या-मुंबईच्या गर्दीत रोज अडकणाऱ्या चालकाला ती वरदान आहे. अल्टो के-टेन आणि वॅगन-आर या दोन्हींत ती मधल्या आवृत्तीपासूनच मिळते, त्यामुळे एएमटी हवी असेल तर बेसचा प्रश्न आपोआप निकालात निघतो.

जैन कुटुंबांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी. काही गाड्यांच्या टॉप आवृत्तीत स्टिअरिंग आणि गिअरच्या मुठीवर चामड्याचे आवरण असते. अनेकदा ते कृत्रिम असते, काही वेळा खरे. माहितीपत्रकातील शब्द याबाबत मोघम असतात आणि विक्रेत्यालाही नक्की ठाऊक नसते. ‘आर्टिफिशियलच असते हो सगळीकडे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे. ते येत नसेल तर त्याखालची पायरी, जिच्यात साधे प्लॅस्टिकचे स्टिअरिंग असते, मनाला अधिक स्वस्थता देईल आणि पैसेही वाचवील.

राहिला तो चिरंतन वाद: लहान गाडीची टॉप घ्यावी की मोठ्या गाडीची बेस? अल्टोच्या टॉपला थोडे पैसे जोडले की वॅगन-आरची बेस दिसू लागते, तिला थोडे जोडले की स्विफ्टची. या शिडीला वर अंत नाही. जागा आणि इंजिन नंतर वाढवता येत नाहीत, म्हणून मागच्या बाकावर नेहमी दोन प्रौढ आणि एक मूल बसणार असेल तर मोठी गाडी घेणे रास्त. त्या मागच्या बाकावर वयोवृद्ध आई-वडील बसणार असतील तर बेसमध्ये त्यांच्या वाट्याला काय येते, हे पाहायला एकदा स्वतः मागे बसावे. काचेची हाताने फिरवायची मूठ सांधेदुखीच्या हाताला फिरते का, मान टेकायला आधार आहे का, हे तेव्हाच कळते. दोनच माणसांचे कुटुंब असेल आणि गाडी गावातल्या गावात फिरणार असेल, तर लहान गाडीची मधली किंवा वरची आवृत्ती अधिक समाधान देते. सर्वसाधारण कुटुंबासाठी मधली पायरीच योग्य, असे दरपत्रके चाळून म्हणावेसे वाटते. कंपन्यांनाही ते ठाऊक असल्याने मधल्या पायरीची किंमत त्या फार विचारपूर्वक बेततात.

चालवून पाहण्यासाठी मिळणारी गाडी जवळजवळ नेहमीच टॉप असते. आपल्याला घ्यायची आवृत्ती गोदामात असेल तर तिच्यात पाच मिनिटे बसू द्या, असा आग्रह धरावा. बेस किंवा मधली ‘दोन महिने मिळणार नाही, टॉप मात्र उद्या मिळेल’ हे उत्तर ऐकून लगेच विरघळू नये. शेजारच्या शहरातील दुसऱ्या विक्रेत्याला एक फोन करावा. कोटेशनवर आणि आगाऊ रकमेच्या पावतीवर आवृत्तीचे पूर्ण नाव, इंधन, गिअरचा प्रकार आणि रंग लिहून घ्यावा. ‘व्हीएक्सआय’ आणि ‘व्हीएक्सआय ओ’ यांत एका अक्षराचा आणि बऱ्याच हजारांचा फरक असू शकतो. अ‍ॅक्सेसरीचे पॅकेज सक्तीचे असल्याचे सांगितले गेले तर ते बिलात वेगळे दाखवायला सांगावे.

आणि गाडी आरटीओच्या नोंदणीला जाण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष पाहावी. फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्रात चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि निर्मितीचा महिना व वर्ष असते. ते समोरच्या गाडीशी ताडून घ्यावे. जानेवारीत हाती येणारी गाडी मागच्या वर्षाच्या मध्यावर तयार झालेली निघाली, तर सवलत मागण्याचा हक्क याच टप्प्यावर असतो. पाठीमागचे नाव, मागच्या काचेचे वायपर, चालकाच्या आसनाची उंची बदलणारी कळ, ज्या-ज्या गोष्टीसाठी ती पायरी निवडली ती हाताने चालवून पाहावी. एकदा क्रमांक पडला की गाडी बदलून मिळत नाही.